छत्रीवाला कधी येणार?

भारतात उपग्रहावरून थेट टीव्ही सगळ्यात आधी उतरला तो खेड्यांत. आज हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पण १ ऑगस्ट १९७५ रोजी ज्यांच्या पडद्यावर आकाशातून चित्र आलं, ते दिल्ली-मुंबईचे लोक नव्हते. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांतली माणसं शाळेच्या किंवा पंचायतीच्या अंगणात बसून ते पाहत होती. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरायला मिळाला होता आणि त्या प्रयोगाचं नाव होतं 'साइट'. त्याचा करार १९६९ साली झाला. त्यामागची कल्पना विक्रम साराभाईंची. टॉवरमागून टॉवर उभारत खेड्यापर्यंत जायचं तर खेड्याचा नंबर नेहमीच शेवटी लागणार; उपग्रहाला मात्र राजधानी आणि आडवळणाचं गाव सारखंच. प्रयोग सुरू झाला तेव्हा साराभाई हयात नव्हते, पण त्यांचा हिशेब बरोबर होता. पृथ्वीपासून ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या वस्तूला तालुका आणि जिल्हा दिसत नाही.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या, कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्याचा. नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं, केळीच्या बागांसाठी ओळखलं जाणारं गाव. आमच्याकडे उपग्रह दूरदर्शनचा विषय निघाला की साराभाई कुणालाच आठवत नाहीत. आठवतं ते एकच वाक्य : "छत्रीवाला कधी येणार?" डिशला आमच्याकडे छत्रीच म्हणतात. ज्या तंत्राचा सगळा मोठेपणा मधला माणूस काढून टाकण्यात होता, त्याची आठवण मधल्या माणसाची वाट पाहण्याची का असावी, हे मला बरीच वर्षं छळत आलेलं कोडं आहे.

'साइट'ची सहा राज्यं होती राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक. महाराष्ट्र त्यात नव्हता. आंध्रातले जिल्हे होते हैदराबाद, मेदक, महबूबनगर आणि कर्नूल. कर्नाटकातले गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर. मराठवाड्याच्या माणसाला ही यादी वाचताना एक गोष्ट लगेच खटकते. कर्नूल आणि विजापूर सोडले तर हे सगळे जिल्हे जुन्या हैदराबाद संस्थानातले, म्हणजे १९५६ पर्यंत आमचेच राज्यबंधू. राज्यांची भाषावार वाटणी झाली आणि एकाच निजामी राजवटीतून निघालेल्या तीन भावांपैकी तेलुगू आणि कानडी भावाच्या अंगणात १९७५ साली उपग्रहाचं चित्र उतरलं. मराठी भावाला ते दिसायला पुढे बरीच वर्षं लागली.

त्या खेड्यांत टीव्ही कसा बसवला गेला, हे मला त्या वेळच्या कार्यक्रमांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. संच हैदराबादच्या ईसीआयएलने बनवले होते. डिश दहा फुटांची, पण भरीव पत्र्याची नव्हे. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची. उपग्रह ८६० मेगाहर्ट्झवर बोलत होता. त्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, त्यामुळे जाळीची बारीक छिद्रं तिला दिसतच नव्हती. जाळी हलकी आणि स्वस्त, शिवाय वारा आरपार जाणार. वीज नसलेल्या काही गावांत संच बॅटरीवर चालले. आणि मुख्य म्हणजे गावात संच सांभाळणारा एक माणूस, बिघाड कळवायची सोय, सुटे भाग आणि ते घेऊन जाणारा मेकॅनिक, हे सगळं प्रयोगाच्या आखणीतच होतं. इस्रोच्या लोकांना उपग्रहाइतकीच काळजी गावातल्या संचाची होती, कारण संच बंद पडला तर उपग्रहाचा उपयोग शून्य. ३१ जुलै १९७६ ला मुदत संपली आणि ठरल्याप्रमाणे उपग्रह परत गेला. त्याच्याबरोबर ही पद्धतही गेली. उपग्रह आपण पुढे स्वतःचे केले. ती पद्धत मात्र पुन्हा त्या तोलाची कधी उभी राहिली नाही.

इन्सॅट-१ए एप्रिल १९८२ मध्ये गेला आणि सप्टेंबरमध्येच निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये चॅलेंजर यानातून इन्सॅट-१बी सोडला गेला आणि त्याच्या जोरावर दूरदर्शनने देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभारली. १९८४ साली तर काही महिने रोज एक या वेगानं. पण हे उपग्रहाचं चित्र घरात नव्हे, टॉवरवर उतरत होतं. शंभर वॅटच्या त्या टॉवरची धाव वीस-पंचवीस किलोमीटरची. त्या वर्तुळाच्या कडेला किंवा बाहेर असलेल्या गावांनी काय केलं, ते चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक खेडुताला पाठ आहे. लोखंडी पाइप, त्यावर काड्यांचा अँटेना, मध्ये बूस्टर. एक जण माळवदावर पाइप फिरवतोय, एक दारात उभा, एक टीव्हीपुढे. "आलं का?" "मुंग्या हायेत." "आता?" "आलं, आलं... गेलं!" २५ जानेवारी १९८७ पासून 'रामायण' सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी हा संवाद किती गावांत एकाच वेळी झाला असेल, याची मोजदाद नाही. मात्र त्या काळात कुणी कुणाची वाट पाहत नव्हतं. पाइप आपला, माळवद आपलं आणि फिरवणारा हातही आपलाच.

१९९१ नंतर स्टारच्या वाहिन्या एशियासॅट-१ वरून यायला लागल्या आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला. हा उपग्रह १०५.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे आमच्या आकाशात पूर्व-आग्नेयेला. त्याची लहर पकडायला आठ-दहा फुटांची डिश लागे. ती एका घराला परवडणारी नव्हती, म्हणून केबलवाला जन्माला आला. एक मोठी डिश आणि तिथून शेकडो घरांना वायर. नांदेडसारख्या शहरात हे गणित जमलं, कारण खांबाला खांब लागून घरं होती. गावात निम्मी घरं शिवारात, वस्त्या विखुरलेल्या. एका वायरीला चार गिऱ्हाइकं मिळायची मारामार. त्यामुळे शहरातला नातेवाईक 'आमच्याकडे चाळीस चॅनल' सांगायचा आणि गावात एकट्या दूरदर्शनवर भागवायचं, अशी दहा-बारा वर्षं गेली.

ती लवकर संपू शकली असती. छोट्या डिशवर थेट घरात चित्र देणारी केयू-बँडची सेवा जगात तोवर आली होती. पण १९९७ साली सरकारने अधिसूचना काढून तिच्यावर बंदी घातली. परदेशी मालकीची भीती, सुरक्षेची भीती अशी कारणं चर्चेत होती. नोव्हेंबर २००० मध्ये परवानगी दिली गेली, मार्च २००१ मध्ये मार्गदर्शक नियम आले आणि ऑक्टोबर २००३ मध्ये डिश टीव्ही ही पहिली खाजगी सेवा सुरू झाली. १६ डिसेंबर २००४ ला दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस ही ३३ वाहिन्यांची मोफत सेवा आली, ऑगस्ट २००६ मध्ये टाटा स्काय. आमच्या मराठवाड्यातच, औरंगाबादजवळ चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉननेही २००९ साली यात उडी घेतली. साराभाईंचा हिशेब इतक्या वर्षांनी एकट्या घरापर्यंत पोचला. दोन फुटांची छत्री, एक वायर, एक बॉक्स. टॉवर, खांब, केबलवाला, काही नको.

डोंगरकड्याचं भूगोलातलं स्थानही या तंत्राला अगदी सोयीचं. आमचा अक्षांश साडेएकोणीसच्या जवळपास. ९३.५ अंश पूर्वेवरचा उपग्रह आमच्याकडून आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण साठ अंश वर. म्हणजे डोक्याकडे जास्त, क्षितिजाकडे कमी. लंडनच्या माणसाला त्याचे उपग्रह घरांच्या छपरांआडून शोधावे लागतात. आम्हाला मोकळं आभाळ आहे. आडवं येण्यासारखं काही नाही. निदान मी तसं धरून चाललो होतो.

२०११ च्या उन्हाळ्यात गावाकडच्या घरी आम्ही एका खाजगी कंपनीची छत्री घेतली. वडील गेल्यावर आई एकटीच तिथे राहत होती आणि संध्याकाळी घरात माणसाचा आवाज असावा एवढाच हेतू होता. पैसे भरले, पावती मिळाली. "उद्या माणूस येईल," दुकानदार म्हणाला. तो उद्या नऊ दिवस चालला.

कस्टमर केअरचा नंबर लावला की आधी भाषा निवडायची, मग अंक, मग संगीत, मग पिनकोड. त्यानंतर बाई विचारणार, "सर, आपला जिल्हा?" हिंगोली. इथेच घोडं पेंड खात होतं. डोंगरकड्याचा बाजार, दवाखाना, कॉलेज, सगळं नांदेडला. कचेरी मात्र हिंगोलीला. १ मे १९९९ ला परभणी जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन हिंगोली जिल्हा झाला आणि आम्ही कागदावर तिकडे गेलो. कंपनीच्या संगणकानेही तक्रार हिंगोलीकडे पाठवली. तिकडचा माणूस म्हणाला, "एवढ्या लांब एका छत्रीसाठी यायला परवडत नाही." नांदेडचा म्हणाला, "तुमचं गाव आमच्या एरियात नाही." दोघांचंही खरं होतं. उपग्रहाला न दिसणारी जिल्ह्याची हद्द छत्रीवाल्याच्या मोटारसायकलला बरोबर दिसत होती. सहाव्या दिवशी मोबाइलवर संदेश आला : आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. आईने मला फोन करून विचारलं, "निवारण म्हंजे काय रे? कोणी आलं तर न्हाई."

नवव्या दिवशी एक पोरगा आला. दुपारी एक वाजता, उन्हात. ड्रिल मशीन होतं, पण लाइट नव्हती. भारनियमनाचे दिवस होते. "मामी, लाइट कधी येती?" "पाचला येती म्हणतेत." ड्रिलला वीज लागते, बॉक्सला लागते, टीव्हीला लागते, त्यामुळे पाचपर्यंत काहीच होण्यासारखं नव्हतं. तो ओसरीवर झोपला. उठल्यावर दुसरी अडचण. आमचं अर्धं घर माळवदाचं. लाकडी दांड्या, त्यावर पांढरी माती. कंपनीच्या पेटीतले बोल्ट सिमेंटच्या स्लॅबसाठी बनवलेले. मातीत ते काय धरणार? शेवटी न्हाणीच्या विटांच्या भिंतीवर छत्री बसवली. पेटीतली वायर तिथून टीव्हीपर्यंत पुरेना, म्हणून जोड दिला. अंधार पडेपर्यंत तो छत्री हलवत राहिला. पडद्यावर 'सिग्नल नाही' ही एकच पाटी. मग त्याने छत्रीसमोरच्या कडुलिंबाकडे पाहिलं आणि निदान सांगितलं : झाड आडवं येतंय, तोडावं लागेल.

ते झाड माझ्या आजोबांनी लावलेलं. आई म्हणाली, "टीव्ही नको मग." पोरगा गेला. रिचार्जचे दिवस त्याच संध्याकाळपासून मोजायला सुरुवात झाली होती, कारण जाण्यापूर्वी त्याने जोडणी पूर्ण झाल्याचं कळवून टाकलं होतं. मी पुण्याहून रोज फोन करायचो आणि रोज नवी बाई मला तेच समजावून सांगायची : सर, आपल्या तांत्रिक अहवालात झाडाचा अडथळा नोंदवलेला आहे, तो दूर केल्यावर पुन्हा तक्रार नोंदवा. ट्रायने २००७ सालीच डीटीएच ग्राहकांसाठी नियम केले होते. तक्रारीला क्रमांक द्यावा, नोडल अधिकारी नेमावा वगैरे. क्रमांक मला चार मिळाले. पण नियमात झाड कुठे बसतं, हे कोण सांगणार?

दीड महिन्यानं सुटका झाली ती गावातच. वारंगा फाट्याच्या बाजूला मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा होता. तो मोफतवाल्या, म्हणजे दूरदर्शनच्या छत्र्या बसवायचा. कुठल्याही कंपनीचा माणूस नव्हता. आईने त्याला बोलावलं. त्याने छत्री पाहिली, झाड पाहिलं आणि हसला. "मावशी, छत्री झाडाकडं बघायलीय असं वाटतं. ती बघती वर."

हे त्याला कुणी शिकवलं होतं माहीत नाही, पण ते शंभर टक्के बरोबर होतं. घरगुती छत्री ही पूर्ण वाटीचा एका बाजूचा काप असते. तिचा दांडा आणि त्यावरचा एलएनबी खालून पुढे येतो, म्हणून ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर पाहत असते. पावसाचं पाणी आणि धूळ तिच्यात साचत नाही ते त्यामुळेच. आमची छत्री पस्तीस-एक अंशांवर, नेमकी कडुलिंबाच्या शेंड्याकडे रोखल्यासारखी दिसत होती. उपग्रहाकडून येणारी लहर मात्र त्याहून कितीतरी उंचावरून, झाडाला न शिवता येत होती. खरा दोष वायरीच्या जोडात निघाला. वरच्या जाळीचा एक बारीक केस मधल्या तांब्याच्या तारेला टेकला होता. त्याने तो कापला, नवा कनेक्टर लावला, खिशातून टूं टूं वाजणारा मीटर काढला आणि आवाज चढेपर्यंत छत्री बोटभर सरकवली. पंधरा मिनिटं. दीडशे रुपये. झाड अजून आहे.

ही गोष्ट मी त्या पहिल्या पोराच्या नावानं बोटं मोडायला सांगत नाही. त्यानेच ओसरीवर बसून आईला आपला हिशेब सांगितला होता. त्याला पगार नव्हता. नव्या जोडणीमागे ठरलेले पैसे आणि तक्रारीच्या फेरीला जवळपास काहीच नाही. पेट्रोल त्याचं, ड्रिल त्याचं, शिकवणी दोन दिवसांची. अशा माणसाने लांबच्या गावात दुसऱ्यांदा का यावं? झाडाचं नाव सांगून मोकळं होणं हा त्याच्या दृष्टीनं शहाणपणाचाच मार्ग होता. कोट्यवधींचा उपग्रह सोडणाऱ्या व्यवस्थेने शेवटचे तीस फूट एका मोटारसायकलवाल्याच्या पेट्रोलवर सोडून दिले होते. १९७५ च्या आखणीत दुरुस्ती हे काम होतं. २०११ च्या आखणीत दुरुस्ती हा खर्च होता. खाजगी आणि सरकारी या वादापेक्षा मला हा फरक मोठा वाटतो.

मोफत छत्रीची गोष्टही हेच सांगते. डीडी डायरेक्ट प्लस, म्हणजे आजची डीडी फ्री डिश, हिच्यामागे घरोघर जाणारा अधिकृत माणूसच नाही. बॉक्स बाजारात मिळतो, महिन्याचं भाडं नाही आणि ग्राहकांची यादी नाही. म्हणजे तक्रारीला जागाच नाही. कागदावर याहून वाईट सेवा असू शकत नाही. तरी खेड्यापाड्यांत ती टिकली आणि वाढली, कारण तिने शेवटचे तीस फूट गावाच्याच हातात सोडले. ही सेवा आधी ९५ अंशांवरच्या एनएसएस-६ या परदेशी उपग्रहावर होती. मार्च २००७ मध्ये इन्सॅट-४बी गेल्यावर ती ९३.५ अंशांवर आली. दीड अंशाचा फरक. पण दोन फुटांच्या छत्रीची नजरच मुळात तीनेक अंश रुंद असते, त्यामुळे गावोगावच्या छत्र्या पुन्हा लावणं आलं. हे काम करायला कुणीही अधिकृत माणूस पाठवला नाही. मोबाइल दुरुस्त करणारे, रेडिओ मेकॅनिक, वायरमनच्या हाताखालची पोरं यांनी ते ज्याच्या त्याच्या गावात केलं. ७ जुलै २०१० ला त्याच उपग्रहाची अर्धी वीज गेली, पुढे नोव्हेंबर २०१५ मध्ये गेलेल्या जीसॅट-१५ ने त्या जागेचा भार घेतला. या प्रत्येक वळणावर 'चॅनल गेले' म्हणून लोक ज्यांच्या दारात उभे राहिले ते हेच लोक. इस्रोच्या इतिहासात त्यांच्यासाठी एक पान असायला हरकत नाही.

त्यांना जे येतं ते कस्टमर केअरच्या पडद्यावर नसतं. जोराचा पाऊस आला की चित्र का जातं, हे आमचा मुलगा आईला एका वाक्यात सांगून गेला : "पाणीच मधी येतं मावशी, पाऊस थांबला की येईल." केयू-बँडची लहर अडीच सेंटिमीटरची, पावसाचे थेंब तिला पिऊन टाकतात; केबलवाल्याच्या जुन्या मोठ्या डिशची लहर साडेसात सेंटिमीटरची, ती पावसातूनही बरीचशी पार व्हायची. त्या एका वाक्यानं आईचे पावसाळ्यातले निदान दहा फोन वाचवले असतील.

आता हा सगळा विषय जुना होऊ घातला आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्यांच्या दराचे नवे नियम आले, तेव्हा पुष्कळांनी रिचार्ज सोडला. स्वस्त डेटा त्याआधीच आला होता आणि गावातल्या पोरांचा टीव्ही खिशात गेला. गंजलेल्या छत्र्या अजून भिंतींवर आहेत. काही उतरल्या आहेत आणि त्यांत कोंबड्या पाणी पितात. पुढचा शब्द ऐकू येतो तो फायबर. देशातल्या ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली, तिचंच नाव पुढे भारतनेट झालं. ग्रामपंचायतींपर्यंत, हा शब्द नीट वाचावा. कचेरीच्या भिंतीवर पेटी येते, हिरवा दिवा लागतो आणि किती पंचायती जोडल्या याचा आकडा वाढतो. तिथून घरापर्यंतची तार कोण ओढणार, आणि ती उंदराने कुरतडली तर तालुक्याहून कोण येणार, याचं उत्तर मी गावी गेलो की विचारत असतो.

माझं मागणं फार नाही. प्रत्येक मोठ्या गावात एका पोराला नीट शिकवा, सुटे भाग द्या, आणि जोडणीइतकेच पैसे दुरुस्तीलाही द्या. हे परवडतं का, असं कुणी विचारलं तर २,४०० खेड्यांत जाळीच्या डिश लावून वर्षभर चालवणाऱ्या माणसांचा दाखला द्यावा. तेव्हा आपल्याकडे स्वतःचा दूरसंचार उपग्रहही नव्हता. शेवटच्या संचाची काळजी करणारी माणसं मात्र पगारावर होती.